डबीवरचं नाव

मुलांनो, कल्पना करा, की तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला आहात आणि तुमच्या तळहातावर एका चार वर्षांच्या मुलाची टाच आहे. मूल जागं आहे. आता तो पाय जरा वर उचला. काय होईल? मूल पाय ओढून घेईल, नाहीतर तुमच्या छातीवर लाथ मारील, नाहीतर गुदगुल्या झाल्या म्हणून किंचाळेल. जागं मूल आपला पाय दुसऱ्याच्या हातात गप्प राहू देत नाही. एवढं मनात धरा, म्हणजे त्या सकाळी अनिताच्या तोंडचं पाणी का पळालं, ते तुम्हाला कळेल.

अनिता राहायची पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीकाठी. गावाच्या एका अंगाला खारभाताची शेतं, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आणि खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला मातीचा लांबच लांब बांध. साल होतं एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. भाताची कापणी चालू होती. अनिताचे वडील कान्हू खाडीतून माल वाहणाऱ्या बार्जवर कामाला. एकदा गेले की कितीतरी दिवस घरी नसत. आई पुतळी ही गावच्या अंगणवाडीची सेविका. घरात चार वर्षांचा भाऊ निकेश, आणि आजी बायजाबाई, जिने उभा जन्म मिठागरात काढला होता.

त्या वर्षी अंगणवाडीच्या बायकांना, सुइणींना आणि शाळामास्तरांना पेणला बोलावून एक नवं काम शिकवायला घेतलं होतं. पोलिओचे थेंब पाजणं त्यांना ठाऊकच होतं. आता त्यांनी पहारा करायचा होता. गावात कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, की कारण शोधत बसायचं नाही, लगेच खबर द्यायची. शिकवायला होत्या पेणच्या नर्स मालतीबाई. त्यांचं म्हणणं एकच असे : "लुळा म्हणजे काय ते तोंडाने सांगून कळत नाही. हाताला कळलं पाहिजे. घरी जा, आपल्या पोरांचे पाय उचला, सोडा, पुन्हा उचला."

म्हणून पुतळी रोज संध्याकाळी दोन्ही पोरांना ओटीवर आडवं पाडायची.

"सैल सोड गो पाय."

"सोडलाय की आई."

"हा सैल? हा तर बांबू हाय!"

निकेश तर मुद्दाम पाय ताठ करी आणि आईने सोडला तरी वरच्या वर धरून ठेवी. "माजा पडतच नाय! माजा बग!"

चुलीपाशी बसलेली आजी पुटपुटायची, "आदी दोष पाजायला लावलान, आता पोरांचं पाय तोलायला लावलान. सरकारला दुसरी कामा नाय काय?"

"दोष नाय, डोस. डोस!" पुतळी हसायची.

"तेच ता. दोष."

पाय उचलता उचलता पुतळी शिकलेला धडा मोठ्याने म्हणायची. ताप आणि लुळा पाय दिसला तर चोळायचा नाही. सुई टोचून आणायची नाही. आधी मालतीबाईंना कळवायचं. ऐकून ऐकून अनितालाही तो पाढ्यासारखा पाठ झाला.

पुतळी इतकी चांगली शिकली, की रोह्याच्या बायकांचं शिबिर लागलं तेव्हा मालतीबाई तिलाच बरोबर घेऊन गेल्या. "तू तुझ्या भाषेत सांग, त्यांना पटेल," म्हणाल्या. पुतळी पहाटेच निघाली. निकेशला आदल्या दिवशी थोडा ताप होता, पण शेतात उन्हात खेळला म्हणून असेल, असं सगळ्यांना वाटलं.

उन्हं ओटीवर आली तरी निकेश उठला नाही. अनिता उठवायला गेली. तो जागाच होता. डोळे उघडे होते.

"चल, तोंड धू."

"पाय येत नाय," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"माज्यासंगती येत नाय."

अनिताला आधी हसू आलं. मग तिने त्याची डावी टाच तळहातावर घेतली, वर उचलली आणि हात काढून घेतला. पाय गोधडीवर पडला. ओलं फडकं पडतं तसा. तिने पुन्हा उचलला. पुन्हा तसाच पडला. निकेशने लाथ मारली नाही, तो किंचाळला नाही. नुसता आपल्या पायाकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

 गावात त्या क्षणी फक्त तिलाच ठाऊक होतं, की हे काय असू शकतं. आणि सांगायला आई नव्हती.

"आजी!"

आजी आली. बघितलं. आत गेली आणि तेलाची वाटी घेऊन आली.

"चोळू नको आजी! आई म्हणते चोळायचा नाय."

"आईस दोन दिस शाळत गेली न तू लगेच डाक्टरीण झालीस?"

"नको ना आजी. मी नाथाकाकाला सांगते. तो वडखळला जाऊन फोन करील."

आजीने वाटी खाली ठेवली आणि अनिताचं मनगट गच्च धरलं. "कोनाला सांगू नको. गावभर दोष पाजत फिरते तुजी आईस. तिच्याच पोराचा पाय गेला असा कललाना, तर लोक काय बोलतील? तिच्या हातचा पानी तरी पितील का कोन?"

हे अनिताच्या मनातही आलं नव्हतं. आता आलं, आणि भीती दुप्पट झाली. सांगितलं तर आईचं नाव जाईल. नाही सांगितलं तर निकेशचा पाय जाईल. तिने हात सोडवला आणि शेजारच्या नाथाच्या अंगणात धावत गेली. नाथा सायकलला हवा भरत होता.

"काय गो, वाघ लागलाय काय मागं?"

"पेणच्या दवाखान्यात फोन करायचाय. ते रोह्याला मालतीबाईंना कळवतील."

"काय सांगू? अनिता डाक्टरीणबाय बोलवतायत?" असं म्हणत त्याने मान वर केली आणि तिचा चेहरा पाहिला. "निकेशचा पाय लुळा पडलाय, एवढंच सांग," ती म्हणाली. नाथाने पंप तिथेच टाकून सायकलवर टांग मारली.

दुपार कलंडली तेव्हा बांधाच्या टोकाला जीप थांबली. बांधावरून आई पळत येत होती, चपला हातात, पदर कुठल्या कुठे. तिच्या मागे मालतीबाई आणि पेणचे डॉक्टर. आईने निकेशचा पाय उचलला, सोडला. एकदाच. दुसऱ्यांदा उचलायचं धैर्य तिला झालं नाही. सकाळी रोह्याच्या बायकांना तिने हेच दाखवलं होतं.

"मी माज्या हातानं थेंब पाजलेत याला," ती मालतीबाईंना म्हणाली. "दर वेळेला. तुमच्यासमोर पाजलेत."

"माहीत आहे मला, पुतळी."

डॉक्टरांनी रबराच्या हातोडीने निकेशच्या गुडघ्यावर ठोकलं, श्वास पाहिला, बराच वेळ त्याच्याशी बोलत बसले. मग म्हणाले, "पोलिओ असेल, नसेलही. दुसऱ्या आजारांतही पाय असा लुळा पडतो. शी तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. एकदा आजची आणि एकदा उद्याची, दोन्ही लागतील. बर्फात ठेवून मुंबईला पाठवायची. तोवर त्याला स्वस्थ पडू द्या."

संध्याकाळी निकेशला शी झाली. मालतीबाईंनी त्यातली थोडी एका झाकणाच्या डबीत घेतली, डबीला चिकटपट्टी लावली, पट्टीवर नाव लिहिलं आणि डबी निळ्या पेटीत गोठवलेल्या बाटल्यांच्या मधोमध ठेवली. पेटी जीपमधून पेणच्या फ्रीजकडे गेली. आजी दाराआडून हे सगळं बघत होती. तिच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं होतं.

दिवेलागणीला आई निकेशला भात भरवत असताना आजीने अनिताला मागच्या पडवीत ओढलं.

"तुज्या बाबाजीकाकाचा पाय कसा गेला, ठाव हाय तुला?"

बाबाजीकाका म्हणजे आजीचा थोरला मुलगा. वडखळला त्याचं सायकलचं दुकान होतं आणि तो गुडघ्यावर हात टेकत चालायचा. तो जन्मापासून तसाच, असं अनिताला वाटे.

"चांगला पलत होता," आजी म्हणाली. "एक बोहारीण आलती दारावर. त्याचा जुना झबला मागून नेलान. नाव काय पोराचा, म्हनून इचारलान. मी सांगितला. आठ दिस नाय झालं, पाय गेला. नाव न अंगावरची वस्तू, करणी करायला आनखी काय लागतं गो? न ही बाय तर अंगातली वस्तू घेऊन गेली. नाव लिवला. वरून बर्फात ठेवला. जा, हात लावून बग पोराच्या पायाला."

अनिता गेली. तोवर निकेश जेवून झोपी गेला होता. तिने उजव्या पायाला हात लावला : ऊबदार. डाव्याला लावला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पाय गार होता. तो हलू शकत नव्हता म्हणून पांघरुणाबाहेरच राहिला होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिला एवढंच दिसलं, की पेणला एका पेटीत निकेशचं नाव बर्फात आहे आणि इथे निकेशचा पाय गारठला आहे.

ती आईजवळ गेली, पण काय विचारणार? आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. ती रडत नव्हती. शिकलेला धडा पहिल्यापासून म्हणत होती, कुठे काही चुकलं का ते शोधत होती.

सकाळी मालतीबाई पेटी घेऊन परत आल्या. आता आईला आणि त्यांना गावातलं घर न् घर फिरायचं होतं. आणखी कुणाचा हातपाय लुळा आहे का ते बघायचं आणि लहान पोरांना पुन्हा थेंब पाजायचे. मालतीबाईंनी अनिताच्या हातात रिकामी डबी, चिकटपट्टी आणि पेन दिलं.

"तुझं अक्षर सुरेख आहे असं तुझी आई सांगते. निकेशला शी झाली की काल मी भरली तशी डबी भर, नाव लिही आणि पेटीत ठेव. हात साबणाने धू. जमेल?"

अनिताने मान हलवली. आईने जाता जाता कानात सांगितलं, "आजीला टाकू देऊ नको हां. डबी वाया गेली तर काहीच कळायचं नाय."

निकेशला थोड्याच वेळात शी झाली. अनिताने डबी भरली. मागे वळून पाहते तो आजी उभी.

"दे ती. भरतीचा पानी चढतंय. खाडीत टाकून येते."

"नाय आजी."

"दे म्हनते ना!"

"आईनं सांगितलंय."

आणि मग आजीने जे केलं, ते अनिताने कधीच पाहिलं नव्हतं. मिठाने भेगाळलेले ते दोन्ही हात आजीने तिच्यापुढे जोडले. "मी तुज्या पाया परते, पोरी. एक पोर माज्या हातानं घालवलाय. दुसरा घालवू नको."

मोठं माणूस आपल्यापुढे हात जोडतं, ते बघणं फार भीतिदायक असतं. अनिता डबी छातीशी धरून मागे मागे सरकत भिंतीला टेकली. तेवढ्यात निकेशने आतून पाणी मागितलं, आणि आजी डोळे पुसत आत गेली.

अनिता ओटीवर एकटी. समोर पेटी. बाहेर खाडीकडून वारा सुटला होता आणि कापलेल्या भाताच्या पेंढ्या सळसळत होत्या. तिचं डोकं भराभर चालू लागलं. डबी नाही गेली, तर पायाला काय झालं ते कधीच कळणार नाही. आईने शिकवलंय. डबी गेली, आणि आजी म्हणते ते खरं असलं, तर? आईचं खोटं म्हणवत नव्हतं आणि आजीचंही खोटं म्हणवत नव्हतं. मग तिला एकदम सुचलं. करणी बसते ती नावावर. डबीवर ज्याचं नाव, त्याच्यावर.

तिने पट्टी चिकटवली. पेन मुठीत घट्ट धरलं आणि लिहिलं : अनिता.

डबी पेटीत ठेवून तिने झाकण लावलं आणि हात धुवायला गेली. धुताना आपल्या पायांकडे बघायचं ती टाळत होती.

ऊन तापल्यावर मालतीबाई आणि आई परतल्या. गावात दुसरं कुणी लुळं सापडलं नव्हतं, तेवढाच दिलासा. मालतीबाईंनी पेटी उघडली, डबी वर काढली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पुतळी, हे काय? अनिता लिहिलंय."

आईने डबी पाहिली आणि तिचा तोल गेला. "शाळत पैला नंबर काढतेस न भावाचं नाव लिवता येत नाय? खेळ वाटला काय तुला?"

अनिता खाली मान घालून उभी राहिली.

"थांब पुतळी," मालतीबाई म्हणाल्या. त्या ओटीच्या कडेवर टेकल्या. "चुकून लिहिलंस का गं?"

"नाय."

"मग?"

"नाव लिवलेल्यावर करणी होते ना," अनिता म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "झाली तर माज्यावर झाली पायजे. त्याचा एक पाय गेलाच हाय. माजे दोन हायत."

 आईने तोंडावर पदर दाबला. दारातली आजी मटकन खाली बसली.

"खोड ता," ती म्हणाली. "ए पोरी, खोड आदी! माजा लिव. बायजा लिव. माजं पाय काय, मिठानं खाल्लेलंच हायत."

मालतीबाई हसल्या नाहीत. "आजी, तुमचं नाव लिहिलं तर उत्तर तुमच्या पायाचं येईल. निकेशच्या पायाचं मग आम्ही कुणाला विचारायचं? मुंबईला अशा कितीतरी डब्या जातात. आपलं उत्तर आपल्याच घरी यावं, म्हणून नाव." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "बाबाजीच्या वेळेला कुणी तपासलं होतं?"

"कोन तपासनार? कोन आलाच नाय."

"आणि ती बोहारीण?"

आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "तिला परत गावात पाय ठेवू दिला नाय कोनी," ती म्हणाली. "मीच पैला दगड उचलला होता."

खाडीवरून एक बगळा ओरडत गेला. बांधाच्या टोकाला जीपच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. बर्फ वितळत होता.

"तुमी चांगल्या असाल बाय," आजी पुन्हा बोलू लागली, "पन पेटी एकदा गेली का माज्या डोल्यांआड. तितं कोन काय करील, मना काय ठाव? मना भ्या वाटते. काल वाटत होती, आजबी वाटते. तुमी कायबी सांगा."

 मालतीबाईंनी पुतळीकडे पाहिलं, पुतळीने निकेशकडे. आजी पेटीच्या आणि दाराच्या मधोमध बसली होती. तिला उचलून बाजूला करणार कोण? हॉर्न पुन्हा वाजला.

मग अनिताने काय केलं?

तिने जुनी पट्टी सोलून काढली आणि नवी लावली. या खेपेला पेन नीट बोटांत धरलं आणि लिहिलं : निकेश कान्हू म्हात्रे. घाईत 'म्हा' थोडा वाकडा आला. डबी बाटल्यांच्या मधोमध खोचून तिने झाकण घट्ट बसवलं. मग पेटीचा पट्टा खांद्याला अडकवला आणि आजीसमोर येऊन उभी राहिली.

"उठ आजी. लुगडं नीट कर."

"का?"

"तू पन चल. पेणपावेतो पेटी तुज्या मांडीवर ठेव. तितं कोन घेतं, कुठं ठेवतं, सगला डोल्यांनी बग. मी हाय तुज्यासंगती."

आजीने मालतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "जीपमध्ये जागा आहे, आजी."

"भरवसा बसला म्हनून येत नाय हां मी," आजी भिंतीला धरून उठत म्हणाली. "भरवसा नाय म्हनून येते."

"व्हय, व्हय. चल."

बांधावरून अनिता पुढे चालत होती. पेटी तिच्या गुडघ्यावर आदळत होती, आणि दर थोड्या वेळाने ती मागे वळून आजी येते आहे ना ते बघत होती. तिला अजून भीती वाटत होती. जीपशी पोचल्यावर ती आधी चढली, पेटी बाकावर मधोमध ठेवली आणि आजीला वर घ्यायला वाकून तिने दोन्ही हात खाली केले.